बैठकीचं माप

मुलीच्या जातीनं कसं बसावं याचं शिक्षण आमच्याकडे फार लवकर सुरू होतं. पाय पसरून बसू नये, उंबरठ्यावर बसू नये, कातरवेळी हनुवटीला हात लावून बसू नये, पाहुण्यांसमोर पाठीला बाक काढून बसू नये. या सगळ्याला मिळून वळण म्हणतात आणि ते लागलं नाही तर दोष आईच्या पदरात पडतो. मला ते बऱ्यापैकी लागलं होतं. पुढे भिरंडाच्या झाडावरून पडून मणक्याला इजा झाली, कमरेखालचं अंग ऐकेनासं झालं आणि मी चाकाच्या खुर्चीत आले. माझ्या बसण्याकडे बघायची गावाची नजर मात्र तीच राहिली. पिंगुळीत आमचं घर वाटेला लागूनच. येणारं-जाणारं माणूस मला खळ्यात बघतं, चौकशी करतं, आणि निघता निघता सांगतं, "गो बाय, अशी वाकडी कित्याक बसतंस? जरा ताठ बस मगे."

सांगण्यात माया असते, त्याबद्दल शंका नाही. पण वाकडं बसणं हा एकतर माझा आळस असणार, नाहीतर मन खचल्याचं लक्षण, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. मी ताठ बसून दाखवायचे. चाकांच्या कड्यांवर दोन्ही हात रोवून अंग वर उचलायचं, पाठ मागे लावायची, हसायचं. माणूस वाटेच्या वळणाआड जाईपर्यंत हे टिकायचं. मग कंबर हळूहळू पुढे सरकायची, पाठीचा बाक परत यायचा, आणि समोरचं दिसावं म्हणून हनुवटी वर काढावी लागायची. संध्याकाळपर्यंत मान दगड व्हायची. जेवण छातीशी अडकल्यासारखं वाटायचं. पोट साफ होत नसे. त्याचा संबंध बसण्याशी असेल हे कुणाच्या मनात आलं नाही, सगळे एरंडेल सुचवत राहिले.

फिजिओथेरपिस्ट बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मला वाटलं, आता पाठीचे व्यायाम. त्यांनी पाठीला हातच लावला नाही. खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या गुडघ्याच्या मागे, पोटरी सुरू होते तिथे, बोटं घालून बघायला लागल्या. सीटची कड आणि पाय यांच्यामध्ये दोन-तीन बोटांची फट हवी असते. माझ्या खुर्चीत एकही बोट शिरेना. मग त्यांनी माझ्या कुल्ल्याच्या बाजूला तळहात उभा घातला. तिथे तेवढाच तळहात मावायला हवा. माझ्या एका बाजूला मोबाइल, पंचा आणि बटवा एकदम राहायचा, आणि मी ती सोय समजत होते. शेवटी त्यांनी माझे पाय बघितले. पावलं पायपाटीवर टेकायच्या ऐवजी बोटांनी कशीबशी तिला शिवत होती.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बसलेल्या माणसाचा भार कुल्ल्यांतल्या दोन हाडांवर असतो. त्या हाडांच्या वर कमरेचं कडं, आणि त्या कड्यावर मणक्यांची चळत. कडं सरळ असेल तर वरचं सगळं फार कष्ट न घेता उभं राहतं. सीट खोल असली की तिची कड गुडघ्यामागे रुतते. पाठ मागे टेकवायची तर पाय आडवे येतात. मग शरीर सुटकेचा एकच मार्ग काढतं, पुढे घसरायचं. कडं मागे कलंडतं, भार त्या दोन हाडांवरून माकडहाडावर येतो, पाठ गोल होते, फासळ्या पोटावर बसतात, श्वास आखूड होतो. खुर्ची रुंद असली की माणूस एका हातावर रेलतो, म्हणजे कड्याची एक बाजू खाली जाते आणि मणके तिच्यामागे वाकतात. पायपाटी फार खाली असेल तर लोंबकळणारे पायच माणसाला पुढे ओढून नेतात. वर्षानुवर्षं असं चाललं की बाक हाडात मुरतो, मग तो काढू म्हटलं तरी निघत नाही. माझ्या खुर्चीत हे तिन्ही दोष एकदम होते. तिच्यात ताठ बसण्यासाठी मला दिवसभर, क्षणाक्षणाला, खुर्चीशी कुस्ती खेळावी लागली असती.

ती खुर्ची एका शिबिरात मिळालेली. कुणाच्या, ते सांगण्यात अर्थ नाही. देणाऱ्यांची भावना चांगलीच होती आणि मंडपात पंखेही होते. अर्जात नाव, वय, अपंगत्वाची टक्केवारी, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड सगळं विचारलं होतं. कंबर किती इंच, मांडी किती लांब, हे विचारायला रकाना नव्हता. अठरा इंची खुर्ची सगळ्यांना सारखी. माझ्या आधी नाव पुकारलं तो उंचापुरा गडी होता, माझ्यानंतर शाळकरी पोर. तिघांना एकाच मापाची खुर्ची आणि तिघांचा एकेक फोटो. ब्लाउजचं कापड कुणी मापाशिवाय कापत नाही, चपलेचाही नंबर विचारतात. ज्या वस्तूत माणसानं जागेपणाचे सगळे तास काढायचे तिचं माप विचारायला मात्र कुणाला सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये हातानं चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शिका काढली. योग्य खुर्ची कोणती, याच्या तिथल्या व्याख्येतच ती माणसाला मापात बसली पाहिजे आणि शरीराला आधार देणारी पाहिजे असं म्हटलेलं आहे. आपल्याकडे अशी उपकरणं देणारी केंद्र सरकारची योजना तर १९८१ पासूनची. कागदावर काही कमी नाही.

खुर्चीतला आणखी एक दोष शोधला तो आमच्या शेजारच्या सुतारानं. गादी उचलून त्यानं सीटच्या रेक्झिनवर मूठ दाबली आणि म्हणाला, "खुर्चेक झोळी पडली हा गो. हेच्यात माणूस बसतलो कसो? निजतलो." त्याचं बरोबर होतं. मिटणाऱ्या खुर्चीची सीट कापडाचीच असावी लागते, फळी घातली तर ती मिटणार कशी? पोलादी नळ्यांची, खाली फुलीच्या आकाराचा सांधा असलेली ही खुर्ची १९३०च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन इंजिनिअरांनी तयार केली. १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेला होता. खुर्ची मोटारीत घालून हिंडता यावं ही त्याची गरज होती. त्याची गरज खरी, आणि त्या शोधानं कितीतरी माणसं घराबाहेर पडली, हेही खरं. पण आमच्या घरी मोटार नाही. एव्हरेस्टच्या गाडीत मावावी म्हणून मिटणारी खुर्ची पिंगुळीत कायम उघडीच असते, आणि तिची झोळी तेवढी माझ्या वाट्याला आली आहे. झोळीत दोन्ही मांड्या आत ढकलल्या जातात, गुडघे एकमेकांवर आपटतात आणि जरा कलंडलं की एक कुल्ला वर, एक खाली.

सुतारानं प्लायवूडचा तुकडा सीटच्या मापानं कापला, कोपरे घासून गोल केले, खालून दोन पट्ट्या ठोकल्या म्हणजे तो नळ्यांवरून सरकणार नाही. त्यावर गादी. पाठीमागे त्यानं फोम चिकटवलेली आणखी एक फळी दिली. तिनं सीटची जास्तीची खोली खाऊन टाकली आणि गुडघ्यामागे फट आली. दोन्ही बाजूंना फोमच्या उश्या, पायपाटीवर लाकडी ठोकळे. खर्च म्हणाल तर एका साडीइतका. त्या दिवशी मी ताठ बसले नाही. फक्त बसले, आणि ताठ होते.

आमच्या गावाचं नाव लोकांना माहीत असतं ते बाहुल्यांमुळे. गावातल्या गुढीपुरात परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे, ठाकर समाजाच्या कला त्यात मांडल्या आहेत; २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या पिंगुळीला आपल्याला मिळाल्यासारखी वाटली. तिथे कळसूत्री बाहुल्या टांगलेल्या असतात. दोरी ताणलेली असली की राजा राजासारखा उभा. खेळवणाऱ्यानं हात सैल सोडला की तोच राजा कमरेत मोडून मुकुटासकट घडी होतो. मला ताठ बस म्हणणाऱ्या लोकांच्या मनात माझं चित्र या बाहुलीचं असावं असं मला पुष्कळदा वाटलं आहे. आत कुठेतरी मन नावाचा खेळवणारा बसला आहे आणि त्यानं दोरी जरा खेचली की झालं. अंग वरून धरलेलं असतं असा हा हिशेब. नीट बघायचं तर त्याच समाजाच्या दुसऱ्या कलेतल्या माणसाकडे बघावं. चित्रकथी सांगणारा मांडी घालून जमिनीवर बसतो, चित्रांची पोथी पुढ्यात, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. रामायण-महाभारतातलं आख्यान तास न् तास चालतं आणि या माणसाची पाठ कुणी धरलेली नसते. मांडीनं त्याला खाली रुंद पाया दिलेला असतो: दोन गुडघे, मागे बैठक. कथा सांगायला त्याचे हात मोकळे राहतात ते त्या पायामुळे. माझी मांडी गेली. तिच्या जागी खुर्चीनं पाया द्यायला हवा, एवढीच माझी मागणी आहे.

आणि बाहुलीकडूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिला एकाच जागी नुसतं ताठ धरून ठेवलं तर ती मेलेली दिसते. खेळवणाऱ्याची बोटं सारखी किंचित हलत असतात. खुर्चीत मापात बसलं म्हणजे आता पुतळा व्हायचं, असा माझा समज बाईंनी पहिल्याच आठवड्यात मोडला. तुम्ही निरोगी माणसं खुर्चीवर बसून सिनेमा बघता तेव्हा तुम्हाला न कळत कितीदा चुळबूळ करता. हाडाखालचं रक्त अडलं की कातडी कुरकुर करते आणि तुम्ही सरकता. माझ्या कातडीची कुरकुर मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून चुळबूळ मला घड्याळ लावून करावी लागते. दर अर्ध्या तासानं पुढे वाकायचं, छाती मांड्यांवर, हात पायपाटीकडे, दोनेक मिनिटं तसंच. मग डावीकडे कलायचं, मग उजवीकडे. खळ्यात मी अशी ओणवी झाले की वाटेवरचं माणूस थबकतं. "काय पडला काय गो?" काही पडलेलं नसतं. मी हाडाखाली रक्त जाऊ देत असते, पण वाटेवर उभ्या माणसाला हे कसं समजावायचं? मग कधी कधी मी रबरबँड पडल्याचं सांगून तो शोधते.

हे नियम फळी येण्याआधी माहीत नव्हते त्याची किंमत मी एका पावसाळ्यात दिली. माकडहाडापाशी आधी रुपयाएवढा लाल डाग, बोट दाबलं तरी पांढरा न होणारा, मग जखम. ती भरेपर्यंत पालथं नाहीतर कुशीवर पडून राहायचं. कौलांवरचा पाऊस ऐकत, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वहिनीच्या मदतीनं, रात्रीसुद्धा. त्या काळात मी डॉ. लुडविग गुटमन यांच्याबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणका मोडलेला माणूस बहुधा फार दिवस काढत नसे. या अशा जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्याला नेत असत. गुटमननी १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इथे विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची हा दंडकच घातला, रात्रपाळी असो की दिवसपाळी. पुढे १९४८ मध्ये, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, त्यांनी दवाखान्याच्या हिरवळीवर सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकची सुरुवात म्हणून लोक तो दिवस सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. धनुष्य ओढायचं तर एक हात पुढे, एक मागे. खुर्चीला धरायला हात उरत नाही. धड नुसत्या बैठकीवर तोलावं लागतं. त्या सोळा जणांच्या खुर्च्या आणि गाद्या कशा होत्या हे बघायला मला आवडलं असतं, पदकांपेक्षा जास्त.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, गादीची पुस्तकं लिहिणारे लोक कोकणात राहिलेले नाहीत. फोम दमट हवा पितो. घामानं खोळ ओली, ओल्या कातडीला घर्षण लवकर लागतं, आणि धुतलेली खोळ श्रावणात तीन दिवस वाळत नाही. आमच्याकडे सुती खोळी चुलीवरच्या दोरीवर फिरत्या असतात. माझ्या बैठकीला कायम धुराचा आणि सुक्या बांगड्याचा वास. रेक्झिनचं कव्हर पाणी धरत नाही, पण घामही सोडत नाही. जमिनीचंही तसंच. खळं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतारावर सारवलेलं असतं. त्या उतारावर आडवी खुर्ची लावली की दोन बोटांच्या फरकानं माझा उजवा कुल्ला खाली, आणि सगळं माप गेलं पाण्यात. म्हणून मी तोंड नेहमी उताराकडे किंवा चढाकडे करून बसते. लोकांना वाटतं, ही कुणाशी तरी रुसून पाठ फिरवून बसली आहे.

आमच्याच कुडाळ तालुक्यात, मोरे गावी, स्वप्ननगरी आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभ्या केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड या संस्थेचा हा प्रकल्प. काजू प्रक्रियेचं काम तिथे अपंग माणसं करतात. नसीमादीदी स्वतः तरुण वयापासून खुर्चीत. आत्मचरित्राला त्यांनी नावच दिलं 'चाकाची खुर्ची'. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते त्यांनी काम आणि बैठक एकत्र मनात आणली याचं. नाहीतर अपंग माणसाला खुर्ची द्यायची ती बसण्यासाठी, असाच लोकांचा समज. मी बसते ती काजू सोलायला. घरी कारखान्यातून माल येतो, भाजून फोडलेल्या गराची साल सुरीच्या टोकानं काढायची. मोडला तर तुकडा, अख्खा निघाला तर भाव. हे काम टेबलाशी करायचं, आणि टेबलाशी माझी खुर्ची जात नव्हती. हात टेकायच्या कडा टेबलाच्या फळीला आडव्या यायच्या. मी वीतभर मागे राहायचे आणि पुढे वाकून सोलायचे. दोन किलो होईतो सगळी केलेली साधना संपलेली असायची. टेबल ठोकळ्यांवर उंच करून पाहिलं, तर खांदे कानाला लागले. शेवटी सुतारानं टेबलालाच माझ्या पोटाच्या जागी अर्धवर्तुळ कापलं. आता टेबल मला कवेत घेतं, दोन्ही कोपरं फळीवर टेकतात, आणि कोपरांवर आलेला भार पाठीला उचलावा लागत नाही. कापून काढलेली चकती वहिनीनं माठावर झाकण म्हणून ठेवली आहे.

वहिनी रोज रात्री दोन फोटो काढते. एक कातडीचा, डाग बघायला; तो लगेच पुसायचा. दुसरा बसलेल्या पाठीचा. तो ठेवतो. आरशात मी मला समोरूनच दिसते आणि आरशासमोर कुणीही ताठच बसतं. पाठमोऱ्या फोटोत खरं कळतं: आज डावा खांदा खाली, म्हणजे डावीकडची उशी बसली असणार. दादा फोटो बघून म्हणतो, "तुका सर्व्हिसिंगाक घालूक होयी." तो मग पाने-पक्कड घेऊन येतो. मला काही सांगत नाही, खुर्चीला सांगतो.

सुताराचा हात आता या कामाला बसला आहे. पलीकडच्या वाडीतल्या आजींना मुलानं मुंबईहून खुर्ची पाठवली, नवीकोरी, चकचकीत, आणि आजी तिच्यात बुडाल्या. दुसऱ्याच दिवशी वाटेवरून निरोप आला. मीही गेले, दादानं ढकलत नेलं. सुतार लाकडी फूटपट्टी घेऊन आला होता. मी वहिनीची शिवणाची टेप काढली आणि कुठून कुठे मोजायचं ते दाखवलं. कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत, आणि त्यातून दोन बोटं वजा. आजी लाजून पदर सावरत होत्या. सुनेनं सवयीनं म्हटलं, "आये, जरा ताठ बसा, माप घेतत." मी म्हटलं, नको, जशा बसल्यात तशाच बसू देत, आधी तेच बघायचं आहे. सुतारानं आकडे विडीच्या पाकिटावर लिहिले. आजींनी सगळं शांतपणे करू दिलं आणि तो उठायला लागला तसं त्याला थांबवलं.

"माप काय तां घे. पण गादयेक खोळ माका फुलांची होयी. हेची नको," माझ्या गादीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हेका बांगड्याचो वास येता."